सत्तर वर्षांनंतरचं गाव

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत नातीबरोबर ‘द लेजंड ऑफ कोरा’चे सगळे 52 भाग बघितले आणि मला ती मालिका मूळ ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’इतकीच आवडली, काही ठिकाणी तर जास्त. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळी जलरंग, कागद, ब्रश हे आपले नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि फक्त याच पत्रांना उत्तरं देतो. निम्म्या पत्रांनी भांडण काढलं आहे. भांडायला मला आवडतं.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांनी निकेलोडियन वाहिनीसाठी पहिली मालिका केली, 2005 ते 2008, भाग 61. पाणी, माती, आग आणि हवा यांना अंगाच्या हालचालींनी वळवणारे लोक त्यात आहेत, त्यांना बेंडर म्हणतात. चारही तत्त्वं वळवणारा एका वेळी एकच, तो अवतार. तो गेला की पुढच्या जमातीत जन्म घेतो. आंग हा बारा वर्षांचा अवतार शंभर वर्षं चाललेलं युद्ध थांबवतो. कोराची मालिका 2012 ते 2014 मधली. आंगनंतरचा जन्म म्हणजे दक्षिण ध्रुवाकडची सतरा वर्षांची कोरा, आणि काळ सत्तर वर्षांनी पुढे सरकलेला.

आंगच्या जगात बैलगाड्या, मठ आणि उडणारा बायसन होता. सत्तर वर्षांत तिथे एकदम मोटारी, रेडिओ, विजेचे खांब? मला ते जग तुटलेलं वाटतं. जुनी जादू घालवून टाकली. तुम्हाला हे कसं चाललं, सर? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मिरज

चाललं. नुसतं चाललं नाही, तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आधी आपल्याच गावातला हिशेब बघू. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्या नाटकांत आधी सूत्रधार, मग झाडाचा पाला गुंडाळून आलेला विदूषक, मग गणपती आणि सरस्वती. नटांतसुद्धा देवपार्टी वेगळी आणि राक्षसपार्टी वेगळी. राक्षस आरडाओरडा करत रंगभूमी हादरवून टाकायचे, त्यावरून पुढे लोक त्या नाटकांना अललडुर्र नाटकं म्हणायला लागले. आणि 1899 साली आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ आलं. त्यात देव नाही, राक्षस नाही. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात मुलगी बांधायला निघालेला बाप आहे. मध्ये वर्षं गेली छप्पन्न. म्हणजे लहानपणी भाव्यांचा रावण बघून घाबरलेला एखादा सांगलीकर साठीत शारदेच्या दुःखाने डोळे पुसत बसला असेल. माणूस तोच. त्यालाही राक्षसांची आठवण आलीच असणार.

आता यंत्रांचं. कोराच्या मालिकेतलं मोठं शहर, रिपब्लिक सिटी, रंगवताना 1920च्या दशकातलं शांघाय, न्यूयॉर्क डोळ्यांपुढे होतं. त्याच काळात आपल्याकडे बघा. 1910 साली कुंडल रोड स्टेशनपाशी फड्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिली होती. बेळगावात सायकली विकणारा माणूस लोखंडी नांगर करायला लागला, आणि शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन विषारी होईल. माझे मामा पुढे तिथे मोल्डर होते. सुट्टीत मी गेलो, की ते काळी वाळू मुठीत दाबून दाखवायचे. मूठ उघडली की बोटांच्या रेषांसकट वाळूचा गोळा तसाच राहायचा. तसा राहिला तर साच्याला चालणार, फुटला तर पाणी कमी. 1929 साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला. आणि हे सगळं चालू असताना गावोगावी बैलपोळा होता, मोटा होत्या, आषाढीला वारी होती. बैलगाडी पुलावरूनच जात होती. काहीही तुटलं नव्हतं.

तू इंजिनिअरिंगला आहेस, म्हणून तुला एक दृश्य दाखवतो. पहिल्या बुकच्या (मालिकेच्या एकेका पर्वाला बुक म्हणतात) तिसऱ्या भागात कोराचा मित्र माको वीजघरात कामाला जातो. एका मोठ्या हॉलमध्ये माणसं ओळीने उभी आहेत आणि बोटांतून वीज सोडतायत. पाळी संपली की पगार. आठव, आंगच्या मालिकेत वीज कोण सोडायचं? ओझाय, अझुला, आयरो. आग वळवणाऱ्यांच्या राजघराण्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं, आणि त्या प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. सत्तर वर्षांनी तीच वीज रोजंदारीवर आली. तसंच धातूचं. आंगची मैत्रीण, माती वळवणारी टॉफ, तिला लोखंडी पेटीत कोंडलं तेव्हा तिने जगात पहिल्यांदा धातू वळवला. आता तिची मुलगी लिन पोलीसप्रमुख आहे आणि तिची सगळी फौज धातूच्या तारांवर लोंबकळत चोर पकडते. कोबीवाल्याची गाडी प्रत्येक गावात मोडायची ना? त्या कोबीवाल्याची आता मोठी कंपनी आहे, दारात त्याचा पुतळा आहे. मी मोठ्याने हसलो तर नात म्हणाली, “आबा, एवढं काय झालं?” तिने आधीची मालिका तुकड्यातुकड्यांत पाहिलेली.

हे सगळं नीट विचार करून केलंय. विद्या एकाला सापडते, मग घराण्यात जाते, मग शाळेत शिकवतात, मग तिचा धंदा होतो. आणि मग ज्यांच्याकडे ती विद्या नाहीच, ते विचारतात, आमचं काय? पहिल्या बुकमधला खलनायक आमोन तेवढंच विचारतो. बेंडिंग नसलेल्या माणसाच्या हातात तो विजेचा हातमोजा देतो. यंत्रांशिवाय ही गोष्ट सांगताच आली नसती.

जादू गेली असं तुला वाटतं, ते मला पार्श्वभूमीच्या चित्रांपाशी थांबून तपासावंसं वाटलं. माझे वडील नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सरस चुलीवर वितळवायचा, त्यात पूड रंग कालवायचा, थंड व्हायच्या आत कापडावर ओढायचा. घरभर तो जनावराच्या कातड्याचा वास. रस्ता, महाल आणि जंगल, या तीन पडद्यांवर कंपनीचं अख्खं जग उभं राहायचं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटरसुद्धा सिनेमात जाण्याआधी पडदेच रंगवत. तर वडील म्हणायचे, रस्त्याच्या पडद्यावर एक तरी उघडी खिडकी पाहिजे, आत कुणी राहतं असं वाटलं पाहिजे. रिपब्लिक सिटीच्या चित्रांत त्या खिडक्या आहेत. कौलारू छपरांमधून विजेच्या तारा गेल्यात, मागे खाडीत आंगचा पुतळा धुक्यात उभा आहे.

कमी कुठे पडलं तेही सांगतो. सुरुवातीला ही गोष्ट बारा भागांपुरतीच ठरली होती, त्यामुळे पहिल्या बुकचा शेवट घाईत उरकलाय. आमोनने काढून घेतलेली कोराची शक्ती काही मिनिटांत परत येते. आमोनने विचारलेला प्रश्न आमोनबरोबरच गेला. आणि मला त्या शहरात शेतमाल येताना दिसला नाही. एवढं मोठं शहर खातं काय? मार्केट यार्डात हळदीची पोती बघत वाढलेल्या माणसाला हे खटकणारच.

दुसऱ्या बुकमध्ये दोन आदिशक्ती आणल्या, त्यातली राव्हा म्हणजे चांगली आणि वाटू म्हणजे वाईट असं करून टाकलं, शिवाय कोराचा आधीच्या सगळ्या अवतारांशी संबंधच तोडला. पुढच्या मालिकेला मागचीची मुळं उपटायचा अधिकार आहे का? — विटा

तुमच्या पहिल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. आंगच्या मालिकेत उत्तर ध्रुवावर दोन मासे होते, एक काळा, एक पांढरा, एकमेकांभोवती फिरत राहणारे. त्यातला एक चांगला आणि एक वाईट असं कुणी म्हणत नव्हतं. पांढरा मेला तर चंद्रच विझला. ते जगाचं मूळ होतं. राव्हा-वाटूने त्याच मुळावर घाव घातला. शेवटी खाडीत दोन अजस्र आकृत्या एकमेकींना मारतात, तेव्हा नात मोबाइल बघायला लागली आणि मीही तिला काही बोललो नाही.

मात्र त्याच बुकमधले पहिल्या अवताराचे, वानचे दोन भाग जरूर पुन्हा बघा. जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारखी चित्रं आहेत, ढगांच्या कडा वळणदार रेषांनी बांधलेल्या, आणि पाठीवर माणसांची वस्ती घेऊन फिरणारी सिंहकासवं. चित्रकार म्हणून त्या दोन भागांसाठी मी बाकीचं माफ केलं.

आधीच्या अवतारांचं म्हणाल तर माझं मत उलटं आहे. आपल्याकडे दोन अवतार समोरासमोर आलेले आहेत. सीतेचं स्वयंवर आटोपून वऱ्हाड परत निघालं, वाटेत परशुराम आडवा आला. त्याने विष्णूचं धनुष्य रामापुढे धरलं, रामाने ते लीलया चढवलं, आणि परशुरामाचं तेज रामात गेलं. मग परशुराम महेंद्र पर्वतावर निघून गेला. रामाला पुढचं सगळं आयुष्य एकट्याने काढायचं होतं. वनवासात काही अडलं की परशुरामाला विचारून येऊ, अशी सोय वाल्मीकींनी ठेवली नाही. आंग अडला की आधीच्या अवतारांना, रोकूला विचारायचा, क्योशीला विचारायचा. तो बारा वर्षांचा होता, त्याला ते शोभत होतं. कोराला ती सोय नाही, आणि तिथून पुढची दोन बुकं मालिकेतली सर्वांत चांगली आहेत. ते तोडणं वाटू-राव्हाच्या मारामारीत व्हायला नको होतं, याहून चांगल्या प्रसंगात व्हायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

झहीर, कुविरा, आमोन, सगळेच खलनायक थोडे बरोबर असतात आणि मग एकदम वेडे होतात. मी वर्गात मुलांना काय सांगू? — शिक्षक, कुंडल

सर, तुम्ही कुंडलचे आहात, म्हणजे या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या गावातच आहे.

तिसऱ्या बुकमध्ये झहीर बा सिंग से या शहरातल्या राणीला मारतो. राणी जुलमी आहे यात शंका नाही. तो रेडिओवरून जाहीर करतो, शहर तुमचं आहे. वस्त्या वेगळ्या करणारी आतली भिंत पाडली जाते. आणि पुढच्या क्षणाला काय दिसतं? लोक महाल लुटतायत, आगी लागल्यायत. तीन वर्षांनंतरही गावोगाव दरोडेखोरच आहेत, म्हणून मग कुविरा फौज घेऊन येते.

मला हे पटलं नाही. राज्य उठलं की मध्ये फक्त लुटारूच उरतात, असं त्या जगाने धरून चाललंय. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग आला, 1943 ते 1946 या काळात इंग्रजांचा अंमल गावागावांतून उठला होता. तुमचं कुंडल ज्याचं केंद्र होतं, त्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हा काय केलं? न्यायदान मंडळं नेमली. भाऊबंदकीचे, जमिनीचे तंटे गावातच मिटवले. सावकारांना आणि गुंडांना वचक बसवला, दारूबंदी केली, हार घालून कमी खर्चात गांधी लग्नं लावली. तुफान सेना होती, पत्री मारण्याची शिक्षाही होती. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही, पण माणसं रिकामी बसली नव्हती. बा सिंग सेच्या खालच्या वस्तीत एक तरी न्यायदान मंडळ असायला नको होतं? एखादी म्हातारी पिठाची वाटणी करताना दाखवली असती तरी झहीरचं म्हणणं खरोखर तपासून बघता आलं असतं. शेवटी राजपुत्र वू म्हणतो, की राजेशाही संपवू, निवडून आलेली माणसं राज्य करतील. तो हे वरून देतो. मागताना कुणी दिसत नाही.

वर्गात हेच करा. राणी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शहरात पाणी कोण सोडणार, भांडण कोण मिटवणार, हे मुलांकडून लिहून घ्या. तुमच्या मुलांच्या घरात अजून त्या काळच्या आठवणी निघत असतील. मालिका लिहिणाऱ्यांपेक्षा ती चांगलं लिहितील अशी माझी खात्री आहे.

मुलगा आठ वर्षांचा आहे. दाखवू का? — एक आई, सातारा

आंगची मालिका आजच सुरू करा, शेजारी बसून. कोरा दोन-तीन वर्षं थांबवा. पहिल्या बुकच्या शेवटी दोन भाऊ बोटीत असतात, त्यातला एक जाणूनबुजून बोट उडवून देतो. तिसऱ्या बुकमध्ये राणीचा श्वास ओढून घेऊन तिला मारतात. आठ वर्षांच्या मुलाने ते एकट्याने बघू नये.

सर, मला कोरा आवडते पण चौथं बुक रडकं वाटतं. झहीरने घातलेलं विष उतरलं, पायही चालायला लागले, तरी ती तीन वर्षं रिपब्लिक सिटीत परत का येत नाही? मैत्रिणी म्हणतात, आधीच्या मालिकेत कशी मजा होती, यात सगळं जड करून टाकलं. — अकरावी, कराड

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला जरा सविस्तर सांगतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. वडिलांचे तीन पडदे माझ्याकडे आहेत. महालाचा माळ्यावर होता, तो वाचला. रस्ता आणि जंगल बांबूला गुंडाळून, सुतळीने बांधून कोपऱ्यात उभे होते. मी वर सांगितलं ना, तो रंग सरसातला. सरस पाण्यात विरघळतो.

पाणी उतरलं, गाळ काढला, फिनेल टाकलं, पंचनामा झाला. लोक विचारायचे, सगळं ठीक? मी म्हणायचो, ठीक. भिंतीला कितीदा चुना दिला तरी पांढरा लोणा फुलून यायचाच. आणि पडद्यांच्या त्या दोन वळकट्या मी उन्हात वाळवून परत कोपऱ्यात उभ्या केल्या. सोडल्या नाहीत. दीड वर्ष. त्या खोलीत गेलो की तिकडे पाठ करायचो. मला त्या कापडाची भीती वाटत होती, दुसरा शब्द नाही.

म्हणून चौथ्या बुकच्या दुसऱ्या भागात कोरा एकटी गावोगाव फिरते आणि तिला तिचीच एक आकृती दिसत राहते, साखळ्या लोंबणारी, डोळे चमकणारी, झहीरशी लढतानाची, तेव्हा मी नातीला म्हटलं, जरा थांबव. पाणी पिऊन आलो.

तू म्हणतेस विष उतरलं. उतरलं नव्हतं. पारा थोडा आत राहिला होता. दलदलीत म्हातारी टॉफ तो काढायचा प्रयत्न करते, पण कोरा आतून विरोध करते आणि निघत नाही. शेवटी तो तिला स्वतःलाच काढावा लागतो. आणि नंतर ती कुणाकडे जाते? तुरुंगात झहीरकडे. ज्याने विष घातलं त्याच्यासमोर जाऊन बसते. असा प्रसंग मी लहान मुलांच्या कुठल्याच मालिकेत पाहिलेला नाही. या तीन वर्षांत मित्रमैत्रिणींपैकी ती पत्र फक्त असामीला लिहिते. माकोला नाही, बोलिनला नाही. हेही खरं आहे, आपण एकाच माणसाला सांगू शकतो.

मजेचं म्हणशील, तर आंगच्या गोष्टीला एक रस्ता होता. धूमकेतू यायच्या आत ओझायला हरवायचं. रस्त्यात आंगच्या मित्राचे, सोक्काचे विनोद, कोबीवाला, चहा. कोराच्या गोष्टीत प्रत्येक बुकला नवा शत्रू आहे आणि जुन्याची जखम अंगावर तशीच आहे. तरी हसू गेलेलं नाही. मीलो आहे, बोलिन आहे, दर दुसऱ्या दिवशी नवीन खूळ काढणारा व्हॅरिक आहे. फक्त ते हसू आता घरातल्यांचं आहे, जेवणाच्या पाटावरचं.

वळकट्या मी शेवटी सोडल्या. जंगल गेलं, सगळं हिरवं-तपकिरी एक झालं होतं. रस्त्याचा पडदा खालून तीन फूट धुऊन गेला होता, वरची घरं आणि ती उघडी खिडकी शाबूत होती. खालचा रस्ता मी पुन्हा रंगवायला घेतलाय. वडिलांचा पिवळा मला अजून जमत नाही.

नवीन मालिका येतेय, ‘सेव्हन हेवन्स’, त्यात कोरानंतरचं जग उद्ध्वस्त झालेलं आहे म्हणे. मग कोराने एवढं केलं ते वाया गेलं का? — इस्लामपूर

फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालंय ते एवढं: 26 भाग, नवी अवतार मुलगी माती वळवणारी, तिची हरवलेली जुळी बहीण, आणि लोक अवताराला तारणारी नव्हे तर जगाचा घात करणारी समजतात. वाया गेलं का, हे मालिका बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. माझी एकच मागणी आहे. मालिकेच्या नावातली ती सात ‘हेवन्स’, म्हणजे आश्रयस्थानं, रंगवताना प्रत्येकाला धान्य कुठून येतं तेवढं दाखवावं. नातीने सात चौकोन आखून ठेवलेत. त्यातल्या एकात तिने आत्ताच उसाचं शेत काढलंय.